बंद खोली आणि खेळती हवा

पूर्वी घरात देवघर, माजघर, कोठीची खोली असे. आता गाण्याबजावण्याच्या नादातल्या मुलांच्या घरी ‘स्टुडिओ’ नावाची एक नवी खोली असते. गायक एकीकडे गातो, तबला दुसरीकडे वाजतो, आणि ते सगळे आवाज संगणकावर एकत्र आणून त्यांचा मेळ घालायचं काम या खोलीत चालतं. त्याला मिक्सिंग म्हणतात. बाहेरच्या रिक्षा, कुकरच्या शिट्ट्या आत येऊ नयेत आणि आतल्या ढोलकीने शेजाऱ्यांची झोप मोडू नये, म्हणून ही खोली चहूबाजूंनी बंद करतात. दुहेरी भिंती, जाड दार, फटींना रबराच्या पट्ट्या. खिडकी असलीच तर ती बुजवून टाकतात. मग प्रश्न उरतो तो आत बसणाऱ्या माणसाच्या श्वासाचा.

आमच्या पुतण्याने पुण्यात आपल्या फ्लॅटमध्ये अशीच खोली केली आहे. तिच्याविषयी पुढे सांगणार आहेच. पण तिच्या निमित्ताने मी जुनी पुस्तकं चाळली, आणि लक्षात आलं की या प्रश्नाला चांगला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. आयुष्यभर इतिहास शिकवला तो लढाया आणि तह यांचा. खोलीत हवा कशी येते याचाही इतिहास असतो, हे कुठल्याच क्रमिक पुस्तकात नव्हतं.

सुरुवात लंडनपासून करू. १६ ऑक्टोबर १८३४च्या रात्री तिथल्या पार्लमेंटची इमारत आगीत भस्मसात झाली. खासदारांसाठी तात्पुरतं सभागृह उभं राहिलं. आता भाषणं सर्वांना नीट ऐकू आली पाहिजेत आणि कोंदट हवेने सदस्य पेंगता कामा नयेत, अशा दोन मागण्या होत्या. हे काम डेव्हिड बॉसवेल रीड नावाच्या एडिंबरोच्या रसायनशास्त्राच्या शिक्षकाकडे आलं. (शिक्षकाकडे, हे मुद्दाम सांगतो!) रीड यांनी १८३६मध्ये सभागृहाची सगळी जमीन बारीक छिद्रांची करून टाकली आणि वर केसांच्या धाग्यांचं विरळ जाजम अंथरलं. ताजी हवा तळघरातून येऊन त्या छिद्रांमधून अगदी सावकाश वर चढे. बाहेर एक उंच धुराडं बांधून त्यात विस्तव पेटवला, की गरम हवा वर जाई आणि सभागृहातली शिळी हवा आपल्यामागे ओढून नेई. आवाज नीट पोचावा म्हणून छताची उंची आणि उतारही त्यांनी बदलले. ऐकणं आणि श्वास घेणं या दोन्ही गोष्टींचा विचार एकाच माणसाने, एकाच वेळी केला, हे मला महत्त्वाचं वाटतं. पुढे नव्या पार्लमेंटच्या बांधकामात वास्तुशिल्पी चार्ल्स बॅरी यांच्याशी त्यांचं काही केल्या जमेना, आणि १८५२मध्ये रीड यांना त्या कामावरून दूर करण्यात आलं. ते झालंच. पण त्यांची युक्ती लक्षात ठेवा: हवा भरपूर, वाट मोठी आणि वेग कमी. ती पुन्हा येणार आहे.

दुसरी गोष्ट थॉमस कार्लाईल यांची. फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या त्यांच्या ग्रंथाच्या पहिल्या भागाचं हस्तलिखित जॉन स्टुअर्ट मिल यांच्याकडे वाचायला दिलं असताना जळालं, आणि कार्लाईल यांनी तो भाग पुन्हा लिहून काढला, ही हकिकत मी वर्गात दरवर्षी रंगवून सांगत असे. इतका चिवट माणूस शेजारच्या कोंबड्यांपुढे मात्र हरला. लंडनच्या चेल्सी भागातल्या त्यांच्या घराभोवती कोंबडे आरवत, भिंतीपलीकडे पियानो वाजे, रस्त्यावर पेटीवाले फिरत. पत्नी जेन बिचारी शेजाऱ्यांशी गोड बोलून कोंबड्यांचा बंदोबस्त करी, की चार दिवसांनी दुसरं काहीतरी सुरू होई. शेवटी १८५३मध्ये त्यांनी घराच्या माथ्यावर आवाज न येणारी खोली बांधायला काढली. दुहेरी भिंती, छताखाली हवेचे पोकळ कप्पे, उजेड फक्त वरच्या काचेतून. खर्च सुमारे १७० पौंड, त्या काळी फार मोठी रक्कम.

खोली झाली. जवळचे आवाज कमी झालेही. पण वरच्या बाजूने दूरदूरचे आवाज येऊ लागले. नदीवरच्या बोटींचे भोंगे, आगगाडीच्या शिट्ट्या, घंटा. फ्रेडरिक द ग्रेटवरचा भलामोठा ग्रंथ कार्लाईल यांनी त्याच खोलीत कुरकुरत पूर्ण केला. १८६५मध्ये ग्रंथ संपल्यावर ते खाली उतरले आणि खोली घरकाम करणाऱ्या मुलीला झोपायला गेली. भिंत कितीही जाड बांधा, आवाज कच्ची जागा शोधून काढतोच, हे त्यांना १७० पौंडांत कळलं.

याच सुमारास जर्मनीतल्या म्युनिकमध्ये माक्स फॉन पेटेनकोफर नावाचे गृहस्थ वेगळ्याच गोष्टीच्या मागे होते. बंद खोलीतली हवा ‘शिळी’ झाली हे नाकाला कळतं, पण ते मोजायचं कसं? माणूस श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, तेव्हा त्याचं प्रमाण मोजलं की हवा किती वापरलेली आहे ते कळेल, असं त्यांनी १८५८मध्ये मांडलं. हजारात एक भाग, म्हणजे आजच्या भाषेत १००० पीपीएम, याच्या वर प्रमाण गेलं की हवा बदलायला हवी. हा आकडा आजही खुणेचा दगड म्हणून वापरला जातो. (हेच पेटेनकोफर पुढे कॉलऱ्याच्या जंतूंवर विश्वास न ठेवता १८९२मध्ये जंतूंचं पाणी सर्वांदेखत प्यायले आणि वाचले. तेव्हा त्यांचं वय होतं ७३, म्हणजे माझ्याच आसपासचं. मी असलं काही करणार नाही, घरच्यांनी निश्चिंत असावं.)

तिसरी गोष्ट जरा मनाला लागणारी आहे. फ्रेंच लेखक मार्सेल प्रूस्त यांना लहानपणापासून दमा. पॅरिसमध्ये बुलव्हार ओस्मानवरच्या १०२ क्रमांकाच्या घरात ते राहत. रस्त्याचा गोंगाट सहन होईना म्हणून १९१०मध्ये त्यांनी झोपायच्या खोलीच्या भिंतींना बुचाची लाकडी पत्रं लावून घेतली. खिडक्या कायम बंद, त्यावर जाड पडदे. दिवसा झोप, रात्री पलंगावर बसून लेखन. आणि दम्यासाठी औषधी पूड जाळून तिची धुरी घ्यायची, तीही त्याच बंद खोलीत! ज्याला श्वासाचंच दुखणं, त्याने शांततेसाठी खोली बंद केली आणि आराम पडावा म्हणून तिच्यात धूर केला. १९१९मध्ये ते घर सुटलं. १९२२मध्ये वयाच्या ५१व्या वर्षी ते गेले, तेही फुप्फुसांच्याच दुखण्याने. खोलीमुळे गेले असं कुणी म्हणू नये, मीही म्हणत नाही. पण आपल्या लहान भावंडाने असं केलं असतं तर आपण पहिल्यांदा खिडकी उघडली असती, एवढं नक्की.

इथवर एकट्यादुकट्या लेखकांचं झालं. पुढे बोलपट आला आणि ही अडचण उद्योगाची झाली. १९२७मध्ये अमेरिकेत ‘द जॅझ सिंगर’ लागला. मूकपटाच्या काळात कॅमेरा घरघरला तरी बिघडत नव्हतं. आता ती घरघर मायक्रोफोनमध्ये शिरू लागली. उपाय काय काढला, तर कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांनाही एका बंद पेटीत कोंडायचं! पुढे काच, मागे दार. या पेटीला तिथले लोक ‘आइसबॉक्स’ म्हणत, पण आत भट्टी असे. दिव्यांच्या उष्णतेने तापलेल्या स्टुडिओत, आवाज होतो म्हणून पंखे बंद ठेवून, त्या पेटीत माणूस उभा. हजार फुटांचं रीळ संपायला सुमारे अकरा मिनिटं लागतात. रीळ संपलं की दार उघडून घामाने निथळत बाहेर यायचं. लवकरच लोकांना शहाणपण सुचलं. माणसाला कोंडण्याऐवजी यंत्राभोवतीच गादीसारखं जाड आवरण घालायला सुरुवात झाली आणि कॅमेरामन मोकळ्या हवेत आला.

आपल्या मुंबईत १९३१मध्ये अर्देशीर इराणी यांनी ‘आलम आरा’ केला तेव्हा ध्वनिरोधक स्टुडिओच नव्हता. जवळून आगगाड्या धडधडत जात. म्हणून गाड्या थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर चित्रण आणि ध्वनिमुद्रण करत. भिंत नव्हती तर त्यांनी रात्र वापरली! १४ मार्च १९३१ला गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात तो लागला. नायक आपले मास्टर विठ्ठल.

रेडिओलाही हेच भोगावं लागलं. लंडनला बीबीसीचे सुरुवातीचे स्टुडिओ सॅव्हॉय हिल इथे होते, १९२३पासून. घुमारा मरावा म्हणून भिंतींवर जाड कापडांचे थरावर थर. आवाज छान दबे, आणि आतला माणूसही. १९३२मध्ये त्यांची नवी इमारत, ब्रॉडकास्टिंग हाउस, झाली तेव्हा हा धडा ते शिकलेले होते. इमारतीच्या पोटात जाड विटांचा एक मनोरा उभारून त्यात २२ स्टुडिओ ठेवले आणि मनोऱ्याभोवती कचेऱ्या. म्हणजे रस्त्याचा आवाज आधी कचेऱ्यांत जिरायचा. मनोऱ्याला खिडक्या नाहीत, म्हणून स्टुडिओंना यंत्राने हवा पुरवायची सोय इमारतीच्या नकाशातच होती. मागाहून भोक पाडायची वेळ आली नाही.

आणखी एका माणसाविषयी सांगायलाच हवं. मशीनगनचा जनक हायरम मॅक्सिम तोफाबंदुकांच्या आवाजात राहून पार बहिरा झाला. छातीच्या विकारासाठी श्वासावाटे औषध घ्यायचं एक उपकरणही त्याने काढलं होतं. त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम याने बंदुकीचा सायलेन्सर बनवला. १९०९मध्ये त्याचं पेटंट मिळालं. बापाने आवाज केला, मुलाने निस्तरला! बंदुकीतून सुटणारा वायू एकदम बाहेर न सोडता आतल्या पडद्यांमधून फिरवत फिरवत हळूहळू सोडायचा, ही त्यातली कल्पना. आपल्या मोटारसायकलच्या सायलेन्सरमध्येही धुराला असंच फिरवतात. पुढे १९३०च्या सुमारास याच मॅक्सिमच्या कंपनीने खिडकीत बसवायचं एक यंत्र विकायला काढलं. ते बाहेरची हवा गाळून आत आणी, पण शहराचा गोंगाट वाटेत जिरवी. बंदुकीपासून निघालेली विद्या शेवटी झोपायच्या खोलीत पोचली.

आता पुतण्याच्या खोलीकडे येतो. खोली लहान, दहा बाय बारा, उंची नऊ फूट. दिवसा नोकरी, म्हणून मिक्सिंग रात्री दहानंतर. कधी एकटा, कधी जोडीला मित्र. काम फार सुंदर करतो, हे काका म्हणून नाही, ऐकणारा म्हणून सांगतो. पण वर्षभरात त्याच्या तक्रारी सुरू झाल्या. बाराच्या सुमारास डोकं जड होतं, डोळे मिटतात, रात्री चांगलं वाटलेलं सकाळी ऐकवत नाही. डोळे तपासून झाले. त्याचे वडील म्हणजे आमचे बंधू म्हणाले, “जागरणं बंद कर, गाणं पुरे.” घरात अबोला धरण्यापर्यंत गोष्ट गेली. खोली करून देणाऱ्या कंत्राटदाराला विचारलं तर तो म्हणाला, “एसी आहे ना आत, मग हवेची काळजी कशाला?”

हा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून ठळकपणे सांगतो. घरात भिंतीवर असतो तो स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो, परत सोडतो. बाहेरच्या पेटीकडे जाणाऱ्या नळ्यांतून हवा जात नाही, गॅस फिरतो. थंड वाटतं म्हणून ताजं वाटतं, इतकंच.

मी पाचवीच्या गणिताने हिशेब मांडला. खोलीचं घनफळ १०८० घनफूट, म्हणजे साधारण ३०,६०० लिटर. बसून काम करणारा माणूस तासाला जवळपास १९ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, दोघांचे ३८. बाहेरच्या हवेत आज प्रमाण सुमारे ४२० पीपीएम आहे. पेटेनकोफर यांची १००० ही रेषा गाठायला खोलीत आणखी १८ लिटर पुरतात. म्हणजे दोघांना दार लावून बसल्यावर अर्ध्या तासात! दोन तासांनी आकडा २९००च्या आसपास जायला हवा. मग बाजारात मिळतं ते छोटं मोजणीयंत्र आणलं आणि आम्ही दोघं आत बसलो. दोन तासांनी काट्याने—काटा कसला, आकडेच ते—२६५० दाखवले. कुठेतरी फट असणार, तेवढा फरक. यात प्राणवायू संपून गुदमरण्याची भीती नसते, तो थोडासाच कमी होतो. पण डोकं जड होणं, पेंग येणं, लक्ष न लागणं याला तशी हवा पुरेशी असते. शिवाय हा मुलगा कामाला बसण्यापूर्वी सरस्वतीच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावायचा. मला प्रूस्त आठवले. उदबत्ती आता बाहेर, देवघरात लागते. सरस्वतीची काही हरकत दिसली नाही.

भिंतीला भोक पाडायचं म्हटल्यावर मात्र तो उसळला. “काका, लाखांचं काम पाण्यात जाईल!” त्याचं खोटं नव्हतं. साधी चार इंची विटेची भिंत आवाज ४० डेसिबलच्या आसपास अडवते. पण तिच्या क्षेत्रफळाच्या शंभराव्या भागाएवढं उघडं भोक पाडलं, तर पलीकडची भिंत किल्ल्याच्या तटाची असली तरी वीस डेसिबलच्या वर तिची मजल जात नाही. कार्लाईल यांच्या छताचं हेच झालं असावं.

उपाय वर सांगितलेल्या सगळ्या मंडळींकडून घेतला. भोकं दोन, सहा-सहा इंचांची. एक ताजी हवा आत घ्यायला, दुसरं शिळी बाहेर टाकायला, खोलीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत. प्रत्येकाला आत एक लांबट लाकडी पेटी जोडली. पेटीत आडव्या फळ्या अशा, की हवेने नागमोडी चार वळणं घेऊनच पुढे जावं. आतून दोन इंच जाड खनिज लोकर, वर काळं कापड म्हणजे तंतू उडू नयेत. हवा वळणं घेऊन निघून जाते. आवाज प्रत्येक वळणावर लोकरीवर आपटतो आणि थोडा थोडा जिरतो. पंखा खोलीत नाही, पेटीच्या पलीकडे, बाहेरच्या टोकाला, रबरावर टांगलेला. दोघांसाठी तासाला साधारण ७६ घनमीटर हवा लागते. सहा इंचांच्या वाटेतून ती सेकंदाला सव्वा मीटरपेक्षाही कमी वेगाने जाते, म्हणून सळसळ ऐकू येत नाही. चार इंचांचं भोक ठेवलं असतं तर वेग दुपटीहून अधिक झाला असता आणि हवाच शीळ घालू लागली असती. रीड यांची छिद्रांची जमीन आठवा. आणि त्या आइसबॉक्सचा धडा म्हणून घरघरणारा संगणक खोलीबाहेर गेला, वायरी तेवढ्या आत.

हे सगळं आमच्या ओळखीच्या सुतारकाकांनी चार दिवसांत केलं. पुस्तकांचं एक कपाट मात्र काढावं लागलं, कारण पेट्या जागा खातात. ज्यांना अशी खोली करायची आहे त्यांनी ती जागा नकाशातच धरावी. फोमच्या रंगीत चौकोनांना भुलू नये. ते खोलीतला घुमारा कमी करतात, भिंतीपलीकडे जाणारा आवाज थांबवत नाहीत आणि पेटायला सोपे असतात.

आता दोघं बसले तरी यंत्र ९००-९५०च्या वर जात नाही. शेजाऱ्यांची तक्रार नाही. मुख्य म्हणजे आमचे बंधू, ज्यांना धाप लागते म्हणून त्या खोलीत पाऊल टाकायला नको वाटे, ते हल्ली रात्री जेवणानंतर तासभर तिथे खुर्ची टाकून बसतात. मुलाचं काम ऐकतात. परवा म्हणे त्यांनी तंबोरा जरा जास्त दबलाय असं सुचवलं, आणि मुलाने तो वाढवला. जागरणाबद्दल मात्र ते अजून बोलतात. ते बोलणारच, बाप आहेत.